ढोलावरचे नाव

'गुमनाम' हा १९६५ सालचा चित्रपट बहुतेक वाचकांनी पाहिलेला असेल, निदान दूरदर्शनवर तरी. मनोजकुमार, नंदा, प्राण, हेलन, मेहमूद असा भरगच्च ताफा. एका निर्जन ठिकाणच्या हवेलीत अडकलेली माणसे आणि एकामागून एक पडणारे खून. मूळ कल्पना अगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीवरून घेतलेली, दिग्दर्शन आपल्या राजा नवाथे यांचे. त्यात सुरुवातीलाच क्लबमधल्या नाचाचे एक गाणे आहे, 'जान पहचान हो'. डोळ्यांवर मुखवटे लावलेल्या मुलामुलींचा घोळका आणि त्यांच्यात सोनेरी पोशाखातली लक्ष्मी छाया. ती मान अशा वेगाने झटकते की बघणाऱ्याचीच मान अवघडावी! आवाज महंमद रफींचा, संगीत शंकर-जयकिशनचे. पडद्यावर त्या आवाजावर ओठ हलवणारा गृहस्थ म्हणजे नृत्यदिग्दर्शक हर्मन बेंजामिन.

या सगळ्या गडबडीत मागे एक बँड वाजवतो आहे. त्याच्या ड्रमच्या तोंडावर इंग्रजी अक्षरांत नाव रंगवले आहे : टेड लायन्स अँड हिज कब्ज. लायन म्हणजे सिंह, तेव्हा कब्ज म्हणजे त्याचे छावे, असा तो श्लेष. ही पाटी केवळ चित्रपटासाठी रंगवलेली नव्हे. त्या नावाचा बँड खरोखरीच होता. आता चित्रपटात गाणे आधी ध्वनिमुद्रित होते आणि चित्रीकरणाच्या वेळी ते लावून त्याबरहुकूम सगळे हात नि ओठ हलवतात, हे काही नव्याने सांगायला नको. म्हणजे दिसतात ती या पोरांची बोटे, पण कानावर पडते ते शंकर-जयकिशनच्या स्टुडिओतले काम. त्यांचे स्वतःचे असे त्यात उरले काय? चेहरे आणि ढोलावरचे नाव.

गाणे मात्र कुठल्या कुठे पोचले. २००१ साली 'घोस्ट वर्ल्ड' नावाचा अमेरिकन चित्रपट आला, त्याची सुरुवातच या गाण्याने होते. एक मुलगी आपल्या खोलीत टीव्हीवर ते लावून एकटीच नाचत असते. २०११ मध्ये एका परदेशी बिअरच्या जाहिरातीत ते वाजले आणि ज्यांनी लक्ष्मी छायाचे नावही ऐकलेले नाही अशी देशोदेशीची तरुण पोरे त्यावर डोलू लागली. पण मागे वाजवणारे कोण, असे कोणी विचारलेच, तर चित्र थांबवून ढोल वाचावा लागतो.

हा ढोल वाचायला मला माझ्या काकांनी शिकवले.

काका आज शहात्तर वर्षांचे आहेत. राहणे जबलपूरला, सराफ्यात. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांना सांगते : १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून बांधलेले कमानिया गेट, त्याच्या आसपास खव्याच्या जिलब्यांचा दरवळ, आणि तिथून आत शिरले की सोन्याचांदीच्या पेढ्यांची दाटी. नवरात्रात जवळच्या सुनरहाईची दुर्गा बुंदेलखंडी दागिन्यांनी मढवतात, ते बघायला गावोगावहून माणसे येतात. मराठी घरे इथे जुनी. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८१७ पर्यंत होता, पुढे इंग्रजांच्या राज्यात नागपूर हीच प्रांताची राजधानी, त्यामुळे येणेजाणे चालूच राहिले. १९५६ साली नागपूर तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो. माझे आजोबा एका पेढीवर हिशेबनीस होते. पेढीच्याच मागे जिना चढून दोन खोल्या, आणि खाली दिवसभर सोनारांच्या हातोड्यांची टकटक. काका म्हणतात, "ताल मी तिथेच शिकलो. दुसरा कोण शिकवणार होता?"

साठच्या दशकातल्या जबलपूरला इंग्रजी गाणी कुठून आली, असे एखाद्याला वाटेल. पण ती सगळीकडून येत होती. गाव छावणीचे आणि रेल्वेचे. सदरच्या बाजूला पलटणीतली माणसे, रेल्वेच्या वसाहतीत अँग्लो-इंडियन गार्ड नि ड्रायव्हर. त्यांच्या घरात पियानो नाही तर गिटार असायचीच, आणि नाताळात नाच व्हायचे. एम्पायर चित्रपटगृह नट प्रेमनाथच्या मालकीचे. तिथे इंग्रजी चित्रपट लागत. रात्री रेडिओ सिलोन. आणि सगळ्यात मोठे आकर्षण म्हणजे क्लिफ रिचर्ड. हा मूळचा लखनौचा, १९४० साली तिथेच जन्मलेला. त्याच्या मागे वाजवणारा 'द शॅडोज' हा बँड आपल्याकडच्या पोरांना बीटल्सच्याही आधी वेड लावून गेला होता. नुसत्या गिटारी वाजवून, एक शब्दही न गाता गाणे उभे करता येते, हे त्यांनी दाखवले. इंग्रजी उच्चारांची धास्ती असलेल्या आमच्या काकांसारख्यांना तर हे वरदानच वाटले.

'गुमनाम' लागला तेव्हा काका सोळा वर्षांचे होते. तो चित्रपट त्यांनी चार वेळा पाहिला. खून कोणी केला ते पहिल्याच खेपेला कळले होते. पुढच्या तीन खेपा त्या गाण्यासाठी, आणि गाण्यातही मागच्या रांगेसाठी. "ती नाचणारी सगळ्यांनी पाहिली गं. मी त्याची बोटं पाहत होतो, डावा हात कुठं ठेवतो ते."

गिटार आली १९६७ साली. एक रेल्वे गार्ड कुटुंबासह ऑस्ट्रेलियाला निघाला होता. त्या काळात अशी कितीतरी घरे उठली. सामान विकायला काढलेले, त्यात ही. पन्नास रुपये मागितले, चाळीसला दिली. पैसे काकांनी शिकवण्या करून जमवले होते, आणि आजोबांना सांगितले की गिटार मित्राची आहे, त्याच्याकडे जागा नाही म्हणून आपल्याकडे ठेवली आहे. मित्राच्या घरीही बोंगोबद्दल हेच सांगण्यात आले होते.

मग चौघांचा गट जमला. काकांची गिटार, दुसऱ्याचा अकॉर्डियन, तिसऱ्याकडे बोंगो, चौथा ढोल आणि झांजा. विजेची गिटार मिळणे तेव्हा अशक्यच, परदेशी वाद्ये आणायची तर आयातीचे निर्बंध. मुंबई-कलकत्त्याच्या पोरांनीसुद्धा घरी जोडलेल्या ॲम्प्लिफायरवर दिवस काढले आहेत. इथे उपाय निघाला तो रेडिओचा. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मागे ग्रामोफोनची पिन जोडायला एक खाच असे. गिटारच्या पोटात छोटा मायक्रोफोन चिकटवायचा, त्याची वायर त्या खाचेत खुपसायची, की रेडिओतून गिटार वाजे. अधूनमधून तीत बातम्याही मिसळत.

तारा तुटत, आणि त्या जबलपुरात मिळत नसत. सतारीच्या तारेवर भागवून पाहिले. जाड तारेसाठी तर खाली पेढीजवळच्या एका कारागिराला गाठले. सोनार तार बारीक करण्यासाठी भोकाभोकांची पोलादी पट्टी वापरतात, एकेका भोकातून ओढत तार हवी तेवढी बारीक करतात. त्याने हसत हसत पितळेची एक तार ओढून दिली. पितळ ताणले की वाढत राहते. दर दोन मिनिटांनी सूर उतरे. काका वाजवत असताना अकॉर्डियनवाला शेजारून त्यांची खुंटी पिळत बसे, हे ऐकून मी पोट धरून हसले. काकाही हसले, मग म्हणाले, "पण त्या बुवानं पैसे नाही घेतले."

आता ढोल. ढोल मात्र विकत घेण्यासारखा नव्हता. जबलपूर हे लग्नाच्या बँडबाजांसाठी नाव असलेले गाव. एका बँडवाल्याकडून मोठा ढोल भाड्याने आणला, अट एवढीच की लग्नसराईत मागितला की त्याच दिवशी परत. त्यावर त्या बँडवाल्याचे नाव रंगवलेले होते. पण 'गुमनाम' चार वेळा पाहिलेल्या मुलांना दुसऱ्याच्या नावाचा ढोल कसा चालेल? मग एका पांढऱ्या गोल कागदावर आपल्या गटाचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवले आणि कणकेच्या खळीने तो ढोलाच्या तोंडावर डकवला. ढोल परत करायच्या दिवशी ओल्या फडक्याने कागद काढायचा, पुढच्या वेळी नवा. असे किती कागद रंगवले, काकांना आठवत नाही. उरला मात्र एकही नाही.

ते नाव काय होते? इंग्रजी होते, आणि आज काकांना त्याची इतकी लाज वाटते की ते छापणार नाही, असा शब्द दिल्यावरच त्यांनी ते माझ्या कानात सांगितले. सिंहाच्या छाव्यांपेक्षा ते काही वाईट नव्हते, एवढेच म्हणते.

आजोबांना कळायचे ते कळलेच. त्यांचा राग संगीतावर नव्हता. नाट्यगीतांचे ते दर्दी, बालगंधर्वांवर तासन्‌तास बोलत. राग होता ढोलावर. "पेढीवरची माणसं विचारतात, तुमच्या मुलानं बँडबाजा काढला म्हणे. काय सांगू त्यांना?" वरातीपुढे वाजवणाऱ्यांकडे आपला समाज कोणत्या नजरेने बघत आला आहे ते आपण जाणतो. त्यांच्या वाजवण्यावाचून लग्न लागत नाही, आणि पंगत मात्र त्यांना वेगळी. आजोबांना आपला मुलगा त्या पंगतीत दिसू लागला होता. मला आजोबांचे हे वागणे पटत नाही. पण दोन खोल्यांत सहा माणसे आणि एका पगारावर चालणारे घर, हेही त्याच चित्रात बघावे लागते.

तरीही १९६८ च्या गणेशोत्सवात, मराठी मंडळींच्या कार्यक्रमात या चौघांना दहा मिनिटे मिळाली. आधी भावगीते, नंतर लहान मुलांचे वेषांतर, मध्ये हे. त्याच वर्षी बीटल्स हृषीकेशला येऊन गेले होते, वर्तमानपत्रांत त्यांचे झेंडूच्या माळा घातलेले फोटो आले होते, त्यामुळे संयोजकांचा विरोध थोडा मवाळ झाला असावा. पहिल्या रांगेत आजोबा. पहिली धून शॅडोजची, दुसरी अर्थातच 'जान पहचान हो'. गायला कोणीच नव्हते, रफींचा भाग अकॉर्डियनने सांभाळला. पितळी तार नेहमीप्रमाणे उतरली. रेडिओ तापून त्यातून धूर येतो की काय असे झाले. पण ढोलवाल्याने जो ठेका धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. मागच्या रांगेतली पोरे उठून नाचू लागली, एका आजीबाईंनी कानांवर हात ठेवले, आणि दहाऐवजी चौदा मिनिटे झाली.

घरी परतताना आजोबा काही बोलले नाहीत. जेवणे झाली. हात धुताना म्हणाले, "तो ढोलवाला मुलगा आहे ना तुमचा, त्याचा हात चांगला आहे."

काकांनी हे वाक्य मला सांगितले तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. सत्तावन्न वर्षे झाली. त्यांना ते अजून बोचते आणि अजून आवडतेही. स्वतःबद्दल एक शब्द नाही, पण ज्याच्याबद्दल आला तो शब्द खरा होता.

पुढचे फार सांगण्यासारखे नाही. १९६९ साली जबलपुरात वाहन कारखाना सुरू झाला आणि माणसे हवी होती. दोघे तिकडे लागले. काका परीक्षा देऊन गन कॅरेज फॅक्टरीत चिकटले. भोंगा झाला की कामावर, भोंगा झाला की घरी, पाळ्या जमेनात. अकॉर्डियनवाला भोपाळला गेला. गिटार माळ्यावर गेली, लोणच्याच्या बरण्यांमागे. लग्न होऊन आलेल्या माझ्या काकूने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला वाटले, घरातले कोणीतरी मूल गेले असावे आणि त्याची आठवण म्हणून ठेवली असावी. बिचारीने कित्येक वर्षे विचारले नाही.

यानंतर वर्षभरातच, १९७० आणि १९७१ साली, 'सिमला बीट' नावाची स्पर्धा गाजली. सिमला ही सिगारेट होती, तिच्या जाहिरातीसाठी सिगारेट कंपनीने देशभरातल्या बँडांना बोलावले. शिलाँग, मद्रास, बंगलोर, मुंबई, कुठून कुठून पोरे आली. निवडक गाण्यांच्या तबकड्या निघाल्या, आणि आज परदेशातले शौकीन त्या शोधत फिरतात. त्या तबकडीत मुंबईचा 'व्हेल्व्हेट फॉग' हा बँड आहे. याच बँडमध्ये गायलेला एक मराठी मुलगा पुढे नावारूपाला आला, तो म्हणजे नंदू भेंडे, आत्माराम भेंडे यांचा मुलगा. १९७४ च्या इंग्रजी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' नाटकात तो ज्यूडास झाला आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त मराठी प्रेक्षकांनी त्याला ऐकले. २०१४ साली तो गेला तेव्हा वर्तमानपत्रांनी आठवण काढली. काढता आली, कारण आवाज कुठेतरी मुद्रित झाला होता, नाव कुठेतरी छापले होते. घरातली माणसेही रंगभूमीवरची होती, मुलगा गातो याची त्यांना लाज वाटण्याचे कारण नव्हते. सराफ्यातल्या दोन खोल्यांत हे कुठून असणार?

मी पत्रकारितेची पदविका घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात शिकवले होते की बातमीत नावे हवीत. 'एक इसम' असे लिहिणारा वार्ताहर आळशी समजावा. तेव्हा या दिवाळीत काकांकडून हे सगळे ऐकल्यावर मी वही काढली आणि म्हटले, चौघांची नावे सांगा, छापूनच टाकते. काका आधी नको म्हणाले. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "माझं राहू दे. त्याचं छाप. ढोलवाल्याचं."

ढोलवाला आता नाही. सहा वर्षांपूर्वी गेला. स्थानिक वर्तमानपत्रात फोटोसह चार ओळी आल्या होत्या. त्यात कारखान्यातली नोकरी होती, भजनी मंडळ होते, नातवंडे होती. ढोल नव्हता. काकांनी ते कात्रण पाकिटात जपून ठेवले आहे.

पण माणूस गेलेला असला तरी घर आहे, विचारायला हवे. मी त्यांच्या मुलाला फोन केला. गृहस्थ अतिशय सभ्यपणे बोलले. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, तुमची काहीतरी गफलत होतेय. आमच्या बाबांचं असं काही नव्हतं." मी गणेशोत्सवाचे सांगितले, आजोबांचे वाक्य सांगितले. थोडा वेळ शांतता. मग, "असेलही. पण ते कधी बोलले नाहीत. त्यांनी जे सांगितलं नाही ते आम्ही कसं छापू द्यायचं? आईला काय वाटेल?"

मी पुष्कळ विचार केला. वाटले, या मुलाला आपल्या वडिलांची एक चांगली गोष्ट कळते आहे आणि तो दार लावून घेतो आहे. माझे मत अजून तेच आहे. पण दार त्याचे आहे. काकांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ खिडकीतून खाली बघत बसले. "बरोबर आहे त्याचं," म्हणाले, आणि पुन्हा म्हणाले, "हात फार चांगला होता पण." तेव्हा नाव नाही. १९६८ च्या त्या संध्याकाळी जबलपूरच्या मराठी मांडवात जे कोणी हजर होते त्यांना मी कोणाबद्दल लिहिते आहे ते कळेल.

भोपाळच्या अकॉर्डियनवाल्यांनी मात्र फोनवर आनंदाने परवानगी दिली. नाव छापू नका, पण बाकी खुशाल लिहा, म्हणाले. लिहिलेले वाचून दाखवावे म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला आणि काकांच्या समोर वाचू लागले. तार, रेडिओ, सगळे ठीक चालले होते. ढोलावरच्या कागदापाशी आले आणि पलीकडून आवाज चढला.

"कागद? कागद कुणी सांगितला तुम्हाला? कापड होतं!"

"कापड कुठलं? कागद होता," काका ओरडले. "मी स्वतः खळ शिजवलीय."

"अरे, माझ्या आईच्या जुन्या पातळाचा तुकडा होता. नाडी ओवून बांधायचो ढोलाला. खळ तू पतंगाला शिजवली असशील!"

"दर वेळी ओल्या फडक्यानं मी कागद काढायचो!"

"तू काय काढणार? तू तर गिटार घेऊन पुढं जाऊन उभा राहायचास. सगळी आवराआवर आम्हीच करून राहिलो होतो!"

मी वही मिटली. काकू आतून दोनदा सांगून गेली की भाकरी निवते आहे. दोघांपैकी कोणी ऐकले नाही. अर्धा तास झाला, विषय कापडावरून पतंगावर, पतंगावरून त्या पितळी तारेवर आणि तिथून पुन्हा कापडावर आला. शेवटी भोपाळहून सांगण्यात आले की कापड असल्याचा पुरावा आहे, जुन्या ट्रंकेत शोधून कळवतो. तोपर्यंत मी कागदच लिहिते आहे, काकांच्या हुकमावरून.